कुणाची भाकरी राहिली?

अण्णांच्या शोकसभेत एकानेही भाकरीचं नाव काढलं नाही.

सभा कॉलेजच्या हॉलमध्ये होती. फोटोला हार, पुढे उदबत्ती, आणि एकामागून एक वक्ते. लोकसंख्या भूगोलात सरांचं योगदान चिरस्थायी आहे, असं प्रत्येकजण म्हणत होता, पण ते योगदान म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगेना. एकाने तर त्यांना हवामानाचे अभ्यासक करून टाकलं. शेजारी बसलेल्या मायने मला कोपराने ढोसून विचारलं, "काय म्हणून राहिले गं?" मी म्हटलं, "अण्णांचं काम टिकून राहील म्हणतात." ती म्हणाली, "मंग तसं सरळ म्हणावं की."

मी त्यांची एकुलती एक लेक. स्वभावाने तिखट, तो मायचा घेतलाय. आणि बोललेलं न विसरण्याची खोड अण्णांची. त्या दिवशी उठून माईक हातात घ्यावा असं फार वाटलं. पण बाप गेल्याला चौदा दिवसही झाले नव्हते, घसा बसलेला होता, आणि बोलायला लागले असते तर रडण्यापलीकडे काही झालं नसतं. म्हणून ते आता लिहून काढते आहे.

आमच्या भागात माणसं मोजत नाहीत. गुरं मोजतात, पोती मोजतात, हळदीच्या ढिगातली कांडी लागली तर मोजतील. लेकरं मात्र मोजायची नसतात, नजर लागते. आणि अण्णांचा विषय तर माणसं मोजण्याचा. ते कोवळे प्राध्यापक असताना शिरड शहापूरकडच्या एका गावात कागद घेऊन गेले आणि दारोदार विचारत सुटले, "घरात माणसं किती?" एकीने सांगितलं, देवाच्या दयेनं भरपूर. दुसरीने सांगितलं, मालकाला विचारा. तिसरीच्या सासूने ओसरीवरून सुनावलं, "काहून मोजता? ढोरं हायेत का लेकरं?" दिवसभर हिंडून कागद कोरेच.

ही गोष्ट अण्णा मोठ्या चवीने सांगायचे. संध्याकाळी परत निघताना तहान लागली म्हणून ते एका दारात थांबले. आत एक बाई भाकरी थापत होती आणि शेजारच्या टोपल्यात थर वाढत होता. पाणी पिऊन झाल्यावर ते सहज बोलून गेले, "लई भाकरी करून राहिल्या बाई. किती जणांच्या?" बाईने मान वर न करता सांगितलं, "सात जणांच्या. दोघांच्या राहिल्या, ते कारखान्यावर गेले उसाला."

दिवसभर जे मिळालं नव्हतं ते तिने एका दमात दिलं होतं, आणि न विचारलेलंही दिलं होतं. घरात कोण आहे ते तर सांगितलंच, आणि घरात नसलं तरी घरचंच कोण आहे, तेही सांगितलं. भाकरी मोजायला कुणाची हरकत नसते. त्या बाईच्या दारात उभं राहून अण्णांचे दोन प्रश्न जन्माला आले: आज भाकरी किती जणांच्या? आणि कुणाची राहिली?

विद्वानांच्या भाषेत याला मोठं नाव आहे. घरी आम्ही त्याला भाकरीचा प्रश्नच म्हणायचो, आणि गावोगावी अण्णांना भाकरीवाले सर म्हणायचे. त्यांच्याआधी कुणी असं काही केलंच नसेल, असा माझा दावा नाही. पण दिवाळी झाली की आमच्याकडचे तांडेच्या तांडे रिकामे होतात. कुणी उसाला, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्याच्या बांधकामावर. मोजणारा येतो तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि तिकडे कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत, ही माणसं उपरी असतात. ना इथल्या आकड्यात धड, ना तिथल्या. अण्णांनी त्यांचा नकाशा काढला. कुलूप असलं तर शेजारणीला विचारायचं, "यांच्या किती राहिल्या?" शेजारणीला पक्कं माहीत असतं. "कुलूप म्हंजे रिकामं न्हाई," हे त्यांचं वाक्य त्यांचे विद्यार्थी आजही बोलतात. भूगोल सांगतो माणसं कुठं आहेत, माझा भूगोल सांगतो ती तिथं का नाहीत, असंही ते म्हणायचे. पुढे दूरच्या राज्यांतल्या लोकांनी तोच प्रश्न आपापल्या चुलीवर नेला. कुठे भाताच्या हंडीपाशी विचारला, कुठे रोटीच्या तंदूरपाशी. परदेशातले एक गृहस्थ तर बाळापूरच्या आमच्या घरी येऊन ठेचा-भाकरी खाऊन गेले. नाकाडोळ्यातून पाणी वाहत असतानाही वहीत लिहीत होते. माय म्हणाली, "लिहिणं राहू दे म्हणावं, आधी गूळ खा."

प्रश्नाला त्यांनी दोन नियम लावले होते. उत्तर सुचवायचं नाही, आणि दिलेलं उत्तर दुरुस्त करायचं नाही.

कॉलेजात असताना मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून पुष्कळ गावं फिरले. मी विचारायची, ते ऐकायचे. एका म्हातारीने दुसऱ्या प्रश्नाला थोरल्या मुलाचं नाव सांगितलं. शेजारणीने मला बाजूला घेऊन कानात सांगितलं की पोरगं मागच्या हंगामात उसाच्या गाडीखाली गेलं, मातीही तिकडेच झाली. मी नाव खोडायला पेन टेकवलं तसा अण्णांनी माझा हात धरला. "लिही तिनं सांगितलं तसं," ते हळूच म्हणाले. "तिच्या हातातून भाकरी अजून गेली न्हाई. आपण कोण घालवणारे?" अशा नावांसाठी त्यांनी नंतर वेगळा रकाना केला. गेलेली आणि न परतलेली माणसं त्या रकान्यामुळे पहिल्यांदा कागदावर आली.

त्याच फेऱ्यांमध्ये माझ्या लक्षात दुसरी गोष्ट आली, आणि ती मला काट्यासारखी सलायला लागली. कुणाची राहिली म्हटलं की बाया मुलांची नावं घ्यायच्या, दिरांची घ्यायच्या, नवऱ्याचं नाव न घेता लाजून 'त्यांची' म्हणायच्या. लेकीचं नाव एकही घेत नव्हती. एका घरात भिंतभर लेकींच्या लग्नांचे फोटो होते, हार घातलेल्या पाच जणी ओळीने. आणि त्यांची आई सांगत होती, "कुणाची न्हाई राहिली बापू. आमी दोघंच."

परतीच्या वाटेवर मी अण्णांच्या पाठीमागून भांडायला लागले. "पाच लेकी भिंतीला टांगल्यात, आन् कुणाची न्हाई राहिली?"

"तिनं सांगितलं तसं लिहायचं."

"तुमी विचारा की लेकीचं."

"सुचवायचं नसतं, पोरी."

"मंग तुमचा प्रश्नच वाकडा हाय."

ते हसले. "प्रश्न सरळ हाय. जग वाकडं हाय." मला हसू आलं नाही.

मग माझं लग्न झालं आणि मी पुण्याला गेले. बाळंतपणाला माहेरी आले. अण्णांची एक पद्धत होती: नवे विद्यार्थी आले की पहिला सराव आपल्याच गल्लीत, आणि गल्लीतही आधी आपल्या घरी. "मायसारखी सरळ उत्तर देणारी बाई तुमाला जिल्ह्यात भेटायची न्हाई," असं ते पोरांना सांगायचे. मी आतल्या खोलीत लेकराला मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर पोरांनी विचारलं, "काकू, आज भाकरी किती जणांच्या?"

"दोघांच्या," माय म्हणाली.

कुणीतरी पोरगं चौकस होतं. "तीन ताटं दिसतात."

"ती लेक हाय. पाव्हणी. दिल्या घरची."

"आणि कुणाची राहिली?"

"कुणाची न्हाई."

तिच्याच हातची गरम भाकरी माझ्या पुढ्यात होती. पोरं गेल्यावर मी तिला विचारलं, "माय, मी कोण?"

"काय खुळ्यावानी बोलती? लेक हाईस माझी."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"त्यांनी भाकरीचं विचारलं. लेकीचं कुठं विचारलं?" असं म्हणून तिने माझ्या ताटात अजून एक भाकरी वाढली. तिच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच ते मला जास्त लागलं. रागाने म्हटलेलं असतं तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. हे तर तिला सूर्य उगवण्याइतकं साधं वाटत होतं.

तेव्हापासून माझा हट्ट एकच. मायने एकदा तरी, न सुचवता, दुसऱ्या प्रश्नाला माझं नाव घ्यावं. बाहेर असलेला मुलगा जसा घरचा, तशी मी. अण्णांना हे माहीत होतं. ते मिशीत हसायचे आणि म्हणायचे, "सुचवायचं नसतं."

त्या हट्टातून एक पंचमी उगवली. आमच्याकडे लेकींचा सण दिवाळी नव्हे, पंचमी. नागपंचमीला गावोगावच्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, फेर धरतात. त्या दिवशी घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. सगळं उकडलेलं. माय पुरणाचे दिंड करायची, वर तूप. आम्ही जेवायला बसलो होतो, आणि मी अण्णांची खोडी काढायची म्हणून विचारलं, "सर, आज भाकरी किती जणांच्या?"

"आज कुठली भाकरी? पंचमी हाय."

ते बोलले आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. खरं तर मी चिडले. "बघा, अण्णा. लेकी ज्या दिवशी घरी येतात, त्याच दिवशी गावात तवा चढत न्हाई. तुमी जन्मभर तव्यापाशी उभं राहून माणसं शोधली. लेकी तिथं सापडतीलच कशा?"

अण्णांच्या हातातला दिंड हातातच राहिला. बोटांवरून तूप मनगटापर्यंत ओघळलं तरी त्यांना कळलं नाही. माय म्हणाली, "जेवू द्या की त्यांना." ते तसेच उठले, हात धुतला आणि थेट झोक्याच्या लिंबाकडे गेले. तिथे भर दुपारी पोक्त प्राध्यापक बायांना विचारतोय की बाई, तू कोणत्या गावाहून आलीस, किती वर्षांनी आलीस. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण सांगत होत्या.

तिसरा प्रश्न असा आला: पंचमीला कोण येणार? तो विचारला की बायांचे चेहरे बदलायचे. दोन शब्दांत उत्तर देणारी बाई लेकींची नावं घ्यायला लागायची, त्यांची गावं सांगायची, कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा धाडत नाही, तेही सांगायची. "ती न्हाई येत आता," असं म्हणून एखादी डोळ्याला पदर लावायची, आणि अण्णा तेही लिहून घ्यायचे. वर्गात एक बौद्ध मुलगी होती. ती उभी राहून म्हणाली, "सर, आमच्यात पंचमी न्हाई. आमच्या लेकी जयंतीला येतात." अण्णांनी तिथल्या तिथे प्रश्न सुधारला. लेकी कोणत्या दिवशी येतात ते आधी त्या घरालाच विचारायचं, मग कोण येणार ते. तांड्यावर उत्तर वेगळं आलं, मुसलमान मोहल्ल्यात वेगळं.

त्यावरून त्यांनी जे नकाशे काढले ते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम, असं जाणकार म्हणतात. पूर्वीच्या लेकी बैलगाडीने दिवसात पोचतील इतक्या अंतरावर दिलेल्या, नंतरच्या पुण्याला, सुरतेला, हैदराबादला. सबंध देशात सगळ्यात जास्त माणसं हलतात ती लग्न होऊन, आणि आपण मात्र पोटासाठी गेलेल्या पुरुषालाच स्थलांतरित म्हणत आलो, असं ते भाषणात सांगायचे. आणि शेवटी म्हणायचे, "मला माझ्या लेकीनं जेवता जेवता नापास केलं." सभागृह हसायचं. ते ऐकून मला फार बरं वाटायचं, उगाच नाही म्हणणार नाही.

पण माझा हट्ट सुटला नव्हता. गल्लीतला सराव दरवर्षी व्हायचा. माय तिसऱ्या प्रश्नाला खुशीत सांगायची, "लेक येणार की, पुण्याहून." आणि दुसऱ्या प्रश्नाला तेच: कुणाची न्हाई. म्हणजे मी सणापुरती. वर्षाच्या एका दिवसाची माणूस, तोही तवा नसलेला दिवस. मला रोजच्या भाकरीत जागा हवी होती.

अण्णा गेल्या वर्षी गेले, पावसाळा सरता सरता. छातीत पाणी झालं म्हणून नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. माय बहिणीच्या घरी भाकरी करून डब्यात आणायची. अण्णांना घास गिळवत नव्हता, तरी ते डबा उघडायला लावायचे आणि नुसता वास घ्यायचे. एकदा क्षीण आवाजात मला म्हणाले, "तुझ्या मायला एकटीचीच भाकरी मोजू देऊ नको." मी हो म्हटलं. ते गेले तेव्हा मी त्यांचे पाय धरून बसले होते, आणि पाय गार होत गेले. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

सगळे विधी झाल्यावर मी मायला पुण्याला चल म्हटलं. ती नाही म्हणाली. मी रागावले, समजावलं, रडले. तिचे गुडघे गेलेले, एका डोळ्याला कमी दिसतं. न्हाणीघरात पडली तेव्हा शेजारच्या मावशीने उचललं, आणि हे मला मावशीकडून कळलं. फोनवर विचारलं तर म्हणे, "काही तकलीफ न्हाई मला. घराला कुलूप घालू का? सर काय म्हणतील?" मी म्हटलं, "सरच म्हणायचे, कुलूप म्हंजे रिकामं न्हाई." त्यावर तिने फोन ठेवून दिला. अण्णांच्या वाक्याने त्यांच्याच बायकोची समजूत काढायला गेलेलं तिला आवडलं नसावं.

माघात मी आठ दिवसांची रजा काढून आले. बाळापूरच्या आसपास हळद शिजायला लागली होती, वाऱ्यावर तिचा उग्र वास होता. त्याच दिवसांत नव्या पोरांचा सराव निघाला. आता शिकवणारे अण्णांचेच विद्यार्थी होते. आधी सरांच्या घरी जायचं, ही रीत त्यांनी मोडली नाही. दोन मुली आणि एक मुलगा दारात घुटमळत होते. घर कुणाचं आहे ते त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी तोंड उघडेना. माय चुलीपुढे बसली होती. गॅस असूनही भाकरी ती चुलीवरच करते. तिनेच हाक मारली, "या गं. विचारा की. लाजता काहून?"

एक मुलगी उंबऱ्याशी टेकली. "आजी, आज भाकरी किती जणांच्या?"

"दोघींच्या. ही आली हाय."

माझे कान टवकारले. पाव्हणी म्हणाली नव्हती. दिल्या घरची म्हणाली नव्हती.

"कुणाची राहिली?"

मायचा हात काठवटीत थांबला. भाकरी अर्धी थापलेली होती. मला वाटलं, आता म्हणेल कुणाची नाही. माझ्या मनात लाज वाटावी असाही विचार आला, की आता तरी माझं नाव घेईल. ती म्हणाली, "सरांची."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. मी मान हलवली. तिने लिहिलं, त्या वेगळ्या रकान्यात. तो रकाना ज्यांनी केला त्यांचंच नाव त्यात गेलं.

मायने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. मुलीने चाचरत तिसरा प्रश्न विचारला. "आजी, पंचमीला कोण येणार?"

"मी येईन," माय म्हणाली.

मुलगी गोंधळली. "कुठून?"

"पुण्याहून. हिच्या घरून." आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही. बराबर सांगून राहिले मी."

मला असं कळलं की माय माझ्याकडे यायला तयार झाली आहे. महिनोन् महिने ज्यासाठी मी डोकं फोडत होते ते तिने एका परक्या पोरीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगून टाकलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. पंचमीला येणारी ती, म्हणजे दिल्या घरची ती. साठ वर्षांपूर्वी एका घरातून उठून या घरात आली होती, आता पुन्हा उठणार होती. अण्णांच्या नकाशावर अशा म्हाताऱ्या बायकांसाठी रेघ नव्हती. ते असते तर जेवता जेवता उठून गेले असते.

होळीच्या आधी आम्ही घर बंद केलं. मायने भाकरी थापायची लाकडी काठवट सोबत घेतली, तवा घेतला नाही. "तुझ्या घरी हाय की," म्हणाली. पुण्यात आल्यावर मात्र रोज त्याच्यावर तोंडसुख घेते, की तुझ्या तव्यावर भाकर फुगंना. माझा नवरा, माझा मुलगा, मी, सगळ्यांच्या भाकरी आता ती करते. एकदा मुलाने गंमत म्हणून तिला विचारलं, "आजी, किती जणांच्या?" ती म्हणाली, "तुमच्या तिघांच्या. मी काय, जे उरंल ते." मी चिडून तिच्या हातातून पीठ काढून घेतलं. तिला राग कशाचा ते कळलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बाळापूरला आलो. ट्रॅव्हल्सने सकाळी वारंगा फाट्यावर सोडलं. माय तिथल्या हॉटेलात चहा प्यायली, बाकावर बसूनच तिने नवं लुगडं नीट केलं, केस विंचरले. रिक्षातून येताना दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवंगार होतं. ती एकेका शेताच्या मालकाचं नाव घेत होती आणि मी हूं हूं करत होते.

गल्लीत शिरलो तर मावशी वाटच बघत होती. घराच्या पायरीखाली रिक्षा थांबली. दरवर्षी याच पायरीवर माय उभी असायची. माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची, पायावर पाणी घालायची, मगच मी उंबरा ओलांडायची. आता माय पायरीखाली उभी राहिली. वर चढेना. माझ्या लक्षात आलं की ती थांबली आहे, कुणीतरी ओवाळून आत घ्यावं म्हणून.

मावशी तिच्या घरातून तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. सवयीने मी पुढे झाले आणि मान खाली केली. मावशीने मला कोपराने बाजूला सारलं.

"तू सरक गं. तुला काहून? तू घरची हाईस. कुलूप काढ."

आणि तिने तो तुकडा मायवरून ओवाळला. माय डोक्यावर पदर घेऊन, लहान पोरीसारखी मुकाट उभी होती. तुकडा मागे फेकला गेला, पायावर पाणी पडलं. मावशी म्हणाली, "या बाई. लई दिवसांनी आल्या माहेरी," आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

किल्ली माझ्या पर्समध्ये होती. कुलूप गंजलं होतं, दोनदा फिरवावं लागलं. तू घरची हाईस. हे ऐकायला मी अर्धं आयुष्य थांबले होते. आईच्या तोंडून नाही, शेजारणीच्या तोंडून आलं, तेही खरंच. कुलूप असलं तर शेजारणीला विचारायचं. मला हे हवं होतं, पण या भावात नको होतं. या घरात मी मोजली जावी यासाठी मायने इथून उठावं, असं मी कधीच मागितलं नव्हतं.

दार उघडलं. आत कोंदट वास होता, अण्णांच्या खुर्चीवर धूळ होती. तवा चुलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला, तसाच होता. माय आत आली, पण चुलीकडे गेली नाही. दाराजवळच्या सतरंजीच्या कडेला पाय दुमडून बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाणी देती का गं थोडं?"

माठ कोरडा होता. मी मावशीकडून तांब्या भरून आणला आणि तिला दिला, आलेल्या माणसाला देतात तसा.